लघुग्रहांच्या कक्षेतली अनिश्चितता: आठ महिन्यांच्या वापरानंतर सांगते, दशांश छाटू नका

लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याची शक्यता मोजणारा, आठ महिने बिनतक्रार चाललेला माझा प्रोग्राम गेल्या महिन्यात मध्येच थांबला. कारण दिलं, मॅट्रिक्स ‘पॉझिटिव्ह डेफिनिट’ नाही, म्हणजे त्याच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू (एकेका दिशेत अनिश्चितता किती पसरली आहे ते सांगणारे आकडे) शून्याच्या वर नाहीत. त्यानंतर जे काही झालं त्यामुळे हे लिहायला बसले. हे मॅट्रिक्स म्हणजे कोव्हेरियन्स: कक्षेचे घटक (तिचा आकार, कल आणि लघुग्रहाची जागा सांगणारे सहा आकडे) किती आणि एकमेकांबरोबर कसे चुकू शकतात याचा तक्ता. माँटे कार्लो म्हणजे त्या तक्त्यातून पुष्कळ नमुना-कक्षा काढून प्रत्येक पुढे चालवून बघणं.

बिघाड सापडायला चार संध्याकाळी गेल्या. कक्षेची फाइल वाचायला मी एक मोफत स्क्रिप्ट वापरते. तिची नवी आवृत्ती मॅट्रिक्स साठवताना प्रत्येक आकडा सहा सार्थ अंकांवर छाटत होती. सहा अंक पुष्कळ वाटतात, पण दोन घटकांचा सहसंबंध ०.९९९९९९९ असेल तर सगळी माहिती सातव्या अंकापासून पुढेच असते. तो गेला की एखादी आयगेनव्हॅल्यू शून्याखाली जाते आणि नमुने काढताच येत नाहीत.

स्क्रिप्ट सांभाळणाऱ्यांना कळवलं. उत्तर आलं, ‘मॅट्रिक्सच्या कर्णावर एक बारीकसा आकडा मिळवा, चालेल.’ चाललंही, आणि माझा संताप तिथेच आहे. सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू म्हणजे वेधांनी सर्वांत घट्ट बांधलेली दिशा. कर्णावर भर घातली की आधी तीच फुगते. मार्च २०२१ मध्ये रडारने १.७ कोटी किमीवरच्या अ‍ॅपोफिस या लघुग्रहाचं अंतर सुमारे १५० मीटरच्या अचूकतेने मोजलं. पुढची किमान १०० वर्षं टक्कर नाही, हे त्या वेधांमुळे ठरलं. इतक्या कष्टाने मिळालेली माहिती प्रोग्राम अडतोय म्हणून पुसून टाकायची?

आता पद्धतींबद्दल. लिनिअर प्रोपगेशनवर, म्हणजे अनिश्चितता सरळ रेषेच्या गणिताने पुढे नेण्यावर, मी पहिले तीन महिने खूश होते. एकच कक्षा चालवायची, सोबत ६×६ चं मॅट्रिक्स, काम काही सेकंदांत. मशीनचा वेळ वाया गेलेला मला खपत नाही, त्यामुळे हे फार आवडलं. मग x-y-z मध्ये काढलेला लंबवर्तुळाकार आलेख जवळून पाहिला. अर्धदीर्घ अक्षात (कक्षेच्या निम्म्या लांबीत) १ किमीची चूक असेल तर लघुग्रह दर फेरीला ३π म्हणजे साधारण ९.४ किमी पुढे किंवा मागे सरकतो. ही चूक कक्षेच्या वाटेवर साचत जाते. वाट वाकडी आणि लंबवर्तुळ सरळ. चूक १० लाख किमीपर्यंत पोचली की लंबवर्तुळाचं टोक खऱ्या वाटेपासून सुमारे ३,३०० किमी बाहेर पडतं, म्हणजे पृथ्वीच्या निम्म्या त्रिज्येपेक्षा जास्त. हीच अनिश्चितता कक्षेच्या घटकांत मांडली तर पद्धत तीच राहूनही कितीतरी जास्त काळ टिकते. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

पृथ्वीजवळून गेल्यावर मात्र घटकही वाचवत नाहीत. १३ एप्रिल २०२९ ला अ‍ॅपोफिस पृष्ठभागापासून साधारण ३२,००० किमीवरून जाईल. २०३६ च्या संभाव्य टकरीची वाट जिथून जात होती ते ‘की-होल’ जेमतेम ६०० मीटर रुंद होतं. त्या खिडकीच्या आत आणि बाहेर इतका फरक पडतो की तिथे सरळ रेषेचं गणित लावण्यात अर्थ नाही.

माँटे कार्लोला मी आधी उधळपट्टी म्हणायचे. लाखात एक शक्यता १० टक्के अचूकतेने हवी तर १०० टकरी दिसायला हव्यात, म्हणजे १ कोटी कक्षा. १०,००० कक्षांत एकही टक्कर नाही दिसली तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की शक्यता १०,००० मध्ये ३ पेक्षा कमी आहे. म्हणून लाइन ऑफ व्हेरिएशन्सवर आले. अनिश्चितता जिथे सर्वांत लांब पसरते त्या एका रेषेवरच नमुने ठेवायचे. काही हजार कक्षांत काम होतं. दोन महिने हीच पद्धत मी सगळ्यांना सुचवत होते.

बेन्नू हा लघुग्रह घेतला आणि मत बदलावं लागलं. सूर्याच्या उष्णतेचा त्याच्यावरचा परिणाम, यार्कोव्स्की, त्याचा अर्धदीर्घ अक्ष वर्षाला सुमारे २८४ मीटरने कमी करतो. त्यामुळे कक्षेच्या वाटेवर पडणारी सरक काळाच्या वर्गाने वाढते: १० वर्षांत सुमारे ११० किमी, १०० वर्षांत ११,००० किमी. त्यासाठी मॅट्रिक्सला सातवी ओळ लागते. सात मितींत एकच रेषा निवडली की पसरलेल्या दुसऱ्या दिशा हातून निसटू शकतात. अशा जागी माँटे कार्लोच बरं, नमुने धोक्याच्या भागात मुद्दाम दाट ठेवून आणि नंतर वजन लावून. २०२१ पासून सेंट्रीची (टकरींचा धोका मोजणाऱ्या नासाच्या प्रणालीची) नवी आवृत्ती याच वाटेने जाते. उधळपट्टी हा शब्द मी मागे घेते.

आणि ती स्क्रिप्ट? ती सातवी ओळ वाचतच नव्हती. सहा ओळी घेऊन पुढे जायची, चूक होतेय असा इशाराही द्यायची नाही. आता फाइल मी स्वतः वाचते, सोळा अंक जसेच्या तसे ठेवते, मॅट्रिक्सचा एपॉक (आकडे ज्या क्षणाचे आहेत तो) घटकांच्या एपॉकशी जुळतो का ते पाहते, आणि पहिली कक्षा चालवण्याआधी आयगेनव्हॅल्यू छापून बघते.