टायरवर लिहिलंय ३५, टेप म्हणतो ३४: जीपच्या हँडहेल्ड प्रोग्रॅमरचा नऊ महिन्यांचा अनुभव

गाडी आधी सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं सगळं निरर्थक आहे. २०१३ची जीप रँग्लर अनलिमिटेड रुबिकॉन, म्हणजे जेके पिढीची. ३.६ लिटरचं पेंटास्टार इंजिन, पाच गिअरचं ऑटोमॅटिक, अॅक्सलचं गुणोत्तर ३.७३ (गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या ३.७३ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा). राहतो डेन्व्हरला. गेल्या सप्टेंबरात अडीच इंच लिफ्ट करून ३५ इंची टायर चढवले. गाडी दिसायला झकास झाली आणि स्पीडोमीटर धादांत खोटं बोलायला लागलं.

कारण साधं आहे. कंपनीचा टायर २५५/७५ आर १७, म्हणजे साधारण ३२ इंच. गाडी चाकाचे फेरे मोजते आणि ३२ इंचाच्या हिशोबाने वेग दाखवते. चाक मोठं झालं की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते, पण गाडीला ते कुणी सांगितलेलं नसतं. शेजारी बसलेली बायको फोनचं जीपीएस बघून म्हणाली, "६५ दाखवतंय तुझं, पण आपण ताशी ६९ मैलांनी जातोय." पहिल्यांदा मी फोनलाच वेड्यात काढलं.

मग गाडीच्या कॉम्प्युटरला नवा आकडा सांगणाऱ्या यंत्राची, म्हणजे प्रोग्रॅमरची, शोधाशोध. इथे दोन जाती आहेत. एक, छोटी डबी: स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जिथे जोडतो तिथे) खुपसायची, तिच्यावरचे बारीक स्विच कागदी तक्त्याप्रमाणे पेनाच्या टोकाने वर-खाली करायचे. जेकेवाल्यांमध्ये एईव्ही कंपनीचं प्रोकॅल यासाठी प्रसिद्ध आहे. ती टायर, गिअर, टायरमधल्या हवेच्या दिव्याची मर्यादा असल्या गोष्टी बदलते, इंजिनच्या ताकदीला हात लावत नाही. दुसरी जात स्क्रीनवाली. तेच सगळं करते, शिवाय इंजिनचं ट्यूनिंग, एरर कोड वाचणं, पंखा किती तापमानाला सुरू व्हावा, गाडी उभी असताना इंजिन किती फिरावं (आयडल), सगळं. किंमत दुपटीहून जास्त. मी अर्थातच स्क्रीनवालं घेतलं. करासकट ४१० डॉलरला पडलं. कोणत्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि त्या मला या जातीबद्दल करायच्या आहेत.

पहिल्या दिवशी मेन्यूत टायरचा आकार विचारला. बाजूला ठसठशीत ३५ लिहिलेलं, तेच टाकलं. पाच-सात मिनिटं किल्ली चालू कर, बंद कर, पुन्हा चालू कर असं चाललं आणि "प्रोग्रॅमिंग पूर्ण" आलं. हायवेला गेलो तर आता उलटंच: खरा वेग ६५, काटा ६६-६७वर.

इथे मला अक्कल आली. टायरवर छापलेला आकडा म्हणजे लग्नाच्या स्थळातली उंची. हवा २८ पीएसआय, वर दोन टनांची गाडी, टायर खाली दबतो. म्हणून रविवारी सकाळी ड्राइव्हवेवर खडू घेऊन बसलो. टायरच्या तळाशी एक रेघ, तिच्यासमोर जमिनीवर दुसरी. बायको ब्रेकवर, मी चाकाशेजारी वाकून चालतोय, पाच फेरे पूर्ण. शेवटच्या रेघेपर्यंत टेप लावला: ४४ फूट ९ इंच, म्हणजे ५३७ इंच. भागिले पाच, भागिले पाय (३.१४). उत्तर ३४.२. समोरचे शेजारी कुत्रा फिरवत होते, ते थांबून बघत राहिले. त्यांना काय वाटलं कोण जाणे. यंत्र पाव-पाव इंचाने पुढे जातं, म्हणून ३४.२५ भरलं. तेव्हापासून जीपीएस आणि काटा यांचं भांडण मिटलं. नवीन टायर झिजले की हा उद्योग पुन्हा करावा लागेल.

एव्हरेजची गंमत याच हिशोबात आहे. टायर बदलल्यावर मी गळा काढत होतो की गाडी गॅलनला १४.२ मैलच देते. पण ओडोमीटरही कमीच मोजत होतं! १०० मैल दाखवले की प्रत्यक्षात १०६-१०७ झालेले असायचे. दुरुस्तीनंतर आकडा १५ वर गेला, आपल्या भाषेत लिटरला सव्वासहा-साडेसहा किलोमीटर. पेट्रोल एक थेंबही वाचलं नाही, फक्त हिशोब सुधारला. "प्रोग्रॅमरने मायलेज वाढलं" असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं वाढलेलं मायलेज हेच असावं, असा माझा संशय आहे.

आता ट्यूनिंग, ज्यासाठी मी जादा पैसे मोजले. माझ्या यंत्रात ८७ ऑक्टेन आणि ९१ ऑक्टेन असे दोन पर्याय होते. गोम अशी की डेन्व्हरच्या पंपावर "रेग्युलर" म्हणजे ८५. उंचीवर हवा विरळ, म्हणून इकडे साधं पेट्रोल ८५चं विकलं जातं. म्हणजे सौम्य ट्यूनलाही मधल्या नळीचं पेट्रोल, आणि तगड्या ट्यूनला प्रीमियम. टाकीमागे बारा-तेरा डॉलर जास्त. सहा आठवडे ९१वर चालवली. अॅक्सिलरेटर हलका झाला, सिग्नलवरून गाडी चटकन उचलते हे खरं. पण आय-७० हायवेवर आयझेनहॉवर बोगद्याचा चढ लागला, सात टक्क्यांचा, माथा ११,००० फुटांवर, की रामा शिवा गोविंदा. कसारा घाटात भरलेली एसटी कुंथते तशीच गाडी तिसऱ्या गिअरवर कुंथत होती. इतक्या उंचीवर टर्बो नसलेल्या इंजिनाला मुळात हवाच मिळत नाही. सॉफ्टवेअर ती कुठून आणणार?

इलाज होता अॅक्सलचे गिअर: गुणोत्तराचा आकडा मोठा, तेवढी चाकाला ओढ जास्त. फेब्रुवारीत दोन्ही अॅक्सलमध्ये ४.८८ बसवले, २,१०० डॉलर गेले, आणि गाडी पुन्हा माणसात आली. पूर्वी ६५ला इंजिन दोन हजार आरपीएमच्या आतच रेंगाळायचं, आता अडीच हजारांच्या थोडं वर असतं. तोच चढ चौथ्यावर निघतो. यंत्र मी वर्कशॉपला बरोबर नेलं होतं. पार्किंगमध्येच ४.८८ भरलं आणि मगच रस्त्यावर आलो. ऑटोमॅटिकला जुन्या गुणोत्तराच्या भरवशावर नवे गिअर चालवायला लावू नका. त्याच दिवशी ट्यून काढून इंजिन कंपनीच्या मूळ सेटिंगवर नेलं, टायर-गिअरचे आकडे तेवढे ठेवले. तेव्हापासून तसंच आहे. पेट्रोलही साधं घालतो.

थोडक्यात, ४१० डॉलरच्या यंत्राचं मी नऊ महिने जे वापरतोय ते सगळं निम्म्याहून कमी किमतीच्या डबीत होतं.

हवेच्या दिव्याचं मात्र मनापासून कौतुक. कंपनीचा आकडा ३७ पीएसआय, माझ्या टायरना २८ पुरतात, त्यामुळे तो पिवळा दिवा चोवीस तास डोळ्यांसमोर. डेन्व्हरच्या थंडीत हवा आणखी बसते. मर्यादा २२वर आणली, आता दिवा लागला की खरंच काहीतरी झालेलं असतं. यूरे ते टेल्युराइड इमोजेन पासच्या डोंगरातल्या कच्च्या रस्त्याला गेलो तेव्हा हवा १५वर काढली होती, तिथे तो लागला तर लागू दे.

आता तक्रारी. जानेवारीत, बाहेर उणे बारा असताना, गॅरेजचं दार उघडं टाकून मी सेटिंग बदलायला बसलो. ब्लोअर चालू, रेडिओ चालू, गाडीचं दार सताड उघडं. साठ टक्क्यांवर स्क्रीन थबकला: "व्होल्टेज कमी". गाडी सुरूच होईना. डॅशवरचे सगळे दिवे ख्रिसमससारखे लुकलुकत होते आणि माझ्या पोटात गोळा. बॅटरीला चार्जर लावला, चाळीस मिनिटं थांबलो, "रिकव्हरी" दाबलं, सुदैवाने पुढे गेलं. तेव्हापासून चार्जर लावल्याशिवाय फ्लॅश (गाडीत सेटिंग भरणं) नाही, आणि आत साधा दिवासुद्धा चालू ठेवत नाही.

दुसरी चूक जास्त महाग पडली असती. एका कामासाठी गाडी डीलरकडे दिली आणि आधी मूळ सेटिंगवर न्यायला विसरलो. त्यांनी नेहमीप्रमाणे त्यांचं नवं सॉफ्टवेअर टाकलं. यंत्राने जपून ठेवलेली मूळ फाइल आता गाडीतल्या फाइलशी जुळेना, आणि ते "गाडी ओळखता येत नाही" म्हणून रुसून बसलं. यंत्राच्या कंपनीला ईमेल, उत्तराला दोन दिवस, मग अपडेट. अपडेट करायला विंडोजचा कॉम्प्युटर हवा आणि घरात सगळे मॅक. शेवटी मित्राच्या मुलीचा शाळेचा लॅपटॉप उपयोगी आला.

कॅलिफोर्नियातल्या मराठी जीपवाल्यांसाठी: तिथे इंजिनचं ट्यून करणाऱ्या यंत्राला कार्बचा (तिथल्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) सूट-क्रमांक लागतो, तो आहे का हे पैसे भरण्याआधी बघा.

पुण्याहून दादाचा फोन आला, "हे माझ्या थारला चालेल का रे?" नाही चालणार. ही यंत्रं ठरावीक गाड्यांच्याच फाइली घेऊन येतात. रांजणगावला २०२१पासून जी रँग्लर जुळते ती पुढच्या पिढीची, जेएल. तिला जेकेचं यंत्र उपयोगाचं नाही. २०१५मध्ये दोन संशोधकांनी चालती जीप चेरोकी दुरून ताब्यात घेऊन दाखवली, त्यानंतर २०१८पासूनच्या गाड्यांत सिक्युरिटी गेटवे नावाचं कुलूप आलं. जेएलसाठीची यंत्रं वेगळी आणि ते कुलूप वळसा घालून ओलांडायला वेगळी केबल.

आणखी एक: एकदा वापरलं की स्क्रीनवालं यंत्र त्या गाडीच्या व्हीआयएनला (चासी नंबरला) बांधलं जातं. माझी गाडी मूळ सेटिंगवर नेल्याशिवाय ते दुसऱ्या जीपला हात लावत नाही. महाराष्ट्र मंडळातल्या मित्राने परवा विचारलं, "तू तर वापरत नाहीस फारसं, एक दिवस दे की." त्यानेही ३५ इंची घेतलेत, स्पीडोमीटरचं तेच रडगाणं. त्याला म्हटलं, यंत्र देता येणार नाही, तू डबी मागव. पण शनिवारी सकाळी गाडी घेऊन ये. खडू आहे माझ्याकडे.