व्हीएचटी फ्लेमप्रूफ: हेडरवर टिकतो कुठे, सुटतो कुठे

व्हीएचटी फ्लेमप्रूफ हा हेडरला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जुडग्याला, मारायचा स्प्रे रंग. त्याच्या डब्यावरचा १०९३ अंश सेल्सिअस हा आकडा बघूनच बहुतेक जण तो उचलतात. कंपनी स्वतः ७०४ ते १०९३ असा पल्ला सांगते. पेट्रोल इंजिनाच्या साध्या, टर्बो नसलेल्या हेडरला यातलं खालचं टोकही पुरेसं आहे. तरी पोपडे सुटल्याच्या तक्रारी येतच राहतात. त्यातल्या बहुतेकांचं मूळ वेल्डिंग आणि घासाईत असतं, त्यामुळे या रंगाबद्दल बोलायचं तर सुरुवात पाइपापासूनच करावी लागते.

हा रंग म्हणजे सिलिकॉन रेझिनमध्ये सिरॅमिक भुकटी. तापवल्यावर रेझिनातला सेंद्रिय भाग जळून जातो आणि सिलिकेचा पातळ, कडक थर धातूला धरून राहतो. खाली जे काही सैल असेल, त्यालाही तो तितक्याच इमानाने धरून राहतो. मिगने (तार आपोआप पुढे सरकते ते वेल्डिंग) ईआर ७०-एस-६ तार वापरून जोडलेल्या पाइपावर नीट बघा: टाक्यावर, म्हणजे वेल्डच्या रेघेवर, तपकिरी, काचेसारखे चकचकीत ठिपके दिसतात. ही सिलिकाची बेटं. ठोकली की टचकन उडतात, आणि तापून गार झाली की आपसूक उडतात. रंग त्यांच्यासकट जातो. पहिल्या आठवड्यात टाक्यावरच मूगडाळीएवढे उघडे डाग पडले, तर डब्याला दोष देण्याआधी हे आठवावं. काळ्या पाइपावरच्या मिल स्केलचंही (कारखान्यातूनच आलेला काळा ऑक्साइडचा थर) तेच. वरून अगदी घट्ट दिसतो, पण पाइप फुगला-आकसला की पापुद्रा सुटतो.

हे फुगणं आकड्यात बघण्यासारखं आहे. ६०० मिमी लांबीचा साध्या लोखंडाचा पाइप ५०० अंशांनी तापला तर साधारण साडेतीन मिमी वाढतो, ३०४ स्टेनलेस पाच मिमीहून जास्त. स्टेनलेसवर हा रंग कमी टिकतो त्याचं एक कारण हेच. दुसरं म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग, ज्यावर रंगाला दातच बसत नाहीत.

म्हणून रंगवायचं असेल तर हेडर टिगने (सळई हाताने देतात ते वेल्डिंग) जोडलेला बरा. टाका स्वच्छ, ठिणग्यांचे गोळे नाहीत, घासायला कमी. १.६ मिमी भिंतीच्या पाइपाला ६०-६५ अँपिअर, आर्गॉन वायू मिनिटाला ७ ते ९ लिटर. साध्या लोखंडाला ईआर ७०-एस-२ सळई, ३०४ ला ३०८-एल, ३०४ पाइप लोखंडी फ्लँजला (इंजिनाला बोल्टने आवळायची चपटी पट्टी) जोडताना ३०९-एल. जोडावर फट ठेवायची नाही. प्रकाश आरपार दिसला की पाइप पुन्हा ग्राइंडरवर. चार ठिकाणी टॅक (धरून ठेवण्यापुरते ठिपके), मग समोरासमोर छोटे टाके. फ्लँज जाड लोखंडी प्लेटवर किंवा टाकाऊ सिलिंडर हेडवर बोल्टने आवळूनच काम करायचं आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सोडायचं नाही. घाई करून सोडलेला फ्लँज केळ्यासारखा वाकतो, आणि मग गॅस्केट कितीही बदला, फुसफुस जात नाही. स्टेनलेसला आतून आर्गॉन भरायलाच हवा. नाहीतर टाक्याची मागची बाजू खडीसाखरेसारखी खरखरीत, काळी होते, आणि तडा तिथूनच जातो. असा टाका बाहेरून कितीही छान रंगवला तरी तडा रंगाखालूनच वर येणार.

एक इशारा जरा ठासून: वेल्डिंगआधी पाइप पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. त्याचा अंश आर्कच्या उष्णतेत आला की फॉस्जीन नावाचा प्राणघातक वायू तयार होतो. अ‍ॅसिटोनने पुसा आणि पूर्ण उडू द्या. गॅल्व्हनाइज्ड पाइप तर हेडरसाठी घेऊच नये. जस्ताचा धूर बाधतो, आणि त्या लेपावर हा रंग धरतही नाही.

घासाईत एक चूक सर्रास होते. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पाइप चकाकवला की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात तारेने धातू पॉलिश होतो आणि रंगाला धरायला काही उरत नाही. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडने १०० ते १२० मेशचं ब्लास्टिंग हा खरा उपाय. ते जमत नसेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवं-उभं घासून पाइप सगळीकडून राखाडी, मंद दिसला पाहिजे. पाइप एकमेकांना जवळ असतात त्या बेचक्यात पेपर पोचत नाही, आणि पोपडे नेमके तिथूनच सुरू होतात. ब्लास्टिंगनंतर उघड्या हाताने पाइप धरायचा नाही. बोटाचा तेलकट ठसा भाजताना उमटतो.

फ्लँजची तोंडं आणि गॅस्केट बसते ती जागा टेपने झाका. तिथला रंग जळून गेला की बोल्ट सैल होतात. ऑक्सिजन सेन्सरच्या एम १८ × १.५ आट्यांत जुना सेन्सर किंवा बोल्ट फिरवून ठेवा. पाइपाच्या आत फवारा जाता कामा नये. सिलिकॉनची वाफ सेन्सरला निकामी करते, आणि मग इंजिनाचं इंधनाचं गणित बिघडलं की लोक भलतीकडेच शोधत बसतात.

कंपनीची पद्धत प्रायमर, रंग आणि हवा असल्यास क्लिअर (वरचा पारदर्शक थर) अशी आहे. त्यांचाच प्रायमर वापरा. साधा लोखंडी प्रायमर २०० अंशांपलीकडे जळतो आणि वरचा रंग घेऊन उतरतो. दोन हलके हात, मग एक जरा ओला, प्रत्येकात दहा मिनिटं. दाट मारण्याचा मोह टाळा: कोरडा थर एकूण ५० मायक्रॉनच्या आसपास थांबला तर बरा, जाड थर तडकतो. डब्यात ३१२ ग्रॅम माल असतो. चार सिलिंडरच्या हेडरला रंगाचा एक डबा जेमतेम पुरतो, कारण गोल पाइपावर निम्मा फवारा बाजूने निघून जातो. नोझल ठीक आहे, फवाऱ्याचा पंखा थोडा रुंद. डबा अधूनमधून हलवत राहिलं नाही तर भुकटी तळाशी बसते आणि शेवटचा हात पातळ, पारदर्शक येतो.

आता भाजणं. हाच टप्पा लोक गाळतात. हवेत वाळलेला फ्लेमप्रूफ तयार झालेला नसतोच. पेट्रोलाच्या फडक्याने पुसला जातो. भट्टीत १२१ अंशांवर ३० मिनिटं, ३० मिनिटं गार. २०४ वर तेवढंच. ३१६ वर तेवढंच. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे करू नये, धूर भयंकर असतो. गाडीवरच भाजायचं तर इंजिन १० मिनिटं आयडल, २० मिनिटं बंद. २० मिनिटं आयडल, २० बंद. मग ३० मिनिटं नेहमीच्या तापमानावर चालवा. बॉनेट उघडं, जागा मोकळी. धूर आणि उग्र वास येणारच, ती बिघाडाची खूण नाही. गाडीवरच्या भाजणीत एक उणीव आहे: फ्लँजजवळचा भाग नीट भाजला जातो, कलेक्टरकडचा (सगळे पाइप एकत्र येतात ते टोक) कमी. म्हणून खालच्या टोकाच्या रंगाचा दगडांनी लवकर टवका उडतो. नवं किंवा नुकतंच बांधलेलं इंजिन असेल तर रन-इन (इंजिन रुळेपर्यंतची सुरुवातीची चालवणी) जुन्या हेडरवर उरका. त्या काळात हेडर वाजवीपेक्षा जास्त तापतो.

हा रंग गंजापासून वाचवतो आणि दिसायला बरा आहे. तो उष्णता अडवत नाही. उलट, मॅट काळा पृष्ठभाग चकचकीत स्टेनलेसपेक्षा जास्त उष्णता बाहेर फेकतो. 'कोटिंगने तापमान इतकं घटलं' असे इन्फ्रारेड गनचे आकडे पाहताना जपून. चकचकीत स्टेनलेसवर गन खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते, काळ्यावर जवळपास खरं. दोन वेगळ्या पृष्ठभागांची अशी तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. मोजायचंच असेल तर पाइपाला थर्मोकपल (तापमान मोजणारी तारेची जोडी) बांधा.

टर्बोचा मॅनिफोल्ड, रेसिंगची गाडी, किंवा रात्री लालसर दिसणारा पाइप असेल तर हा डबा ठेवून द्या. तिथे सेराकोट कंपनीची सी-७६०० ही सिरॅमिक कोटिंग बघा: ९८२ अंशांपर्यंत, भट्टी नको, हवेत पाच दिवसांत पूर्ण पक्की होते. मात्र ब्लास्टिंग सक्तीचं आणि स्प्रे गन हाताळता यायला हवी. पेपरने घासून मारली तर तिचेही पोपडे निघतात.

रंगावर हीट रॅप (उष्णतारोधक कापडी पट्टी) गुंडाळायचा विचार असेल तर तो आधीच सोडा. रॅपमुळे धातूचं तापमान वाढतं, पावसाचं पाणी आत अडकतं, आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही.

डागडुजी सोपी आहे, आणि हाच या डब्याचा मोठा गुण. उघडा पडलेला भाग कडेने दोन बोटं जास्तीचा घासा, कडा हाताला लागणार नाही इतकी उतरवा, अ‍ॅसिटोन, दोन हलके हात, आणि गाडीवरची भाजणी पुन्हा. क्लिअर मारलेला असेल तर डाग वेगळा दिसतो, म्हणून कामाच्या गाडीला मॅट काळा, क्लिअरशिवाय.