4.3 लिटर व्ही-6 आणि अल्फा वन : घरी बांधलेल्या बोटीसाठी एक जोडी

प्लायवूड आणि इपॉक्सीची 21 फुटी बोट गॅरेजमध्ये बांधायला मला चार हिवाळे लागले, आणि त्यानंतरचा एक अख्खा उन्हाळा तिचे इंजिन आणि स्टर्नड्राइव्ह एकमेकांशी जुळवण्यात गेला. मिशिगनमधल्या लेक सेंट क्लेअरवर दोन हंगाम ती चालवून झाल्यावर मर्क्रूझर या बोटीची इंजिने बनवणाऱ्या कंपनीचे 4.3 लिटरचे व्ही-6 इंजिन आणि तिचाच दुसऱ्या पिढीचा अल्फा वन हा स्टर्नड्राइव्ह या जोडीविषयी मी आता खात्रीने लिहू शकतो. स्वतः बोट बांधणाऱ्याला मी ही जोडी आग्रहाने सुचवेन. मात्र जुना ड्राइव्ह घेताना त्यातल्या गिअरचे गुणोत्तर (पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे होतात ते) स्वतःच्या हाताने मोजल्याखेरीज पैसे मोजू नयेत, हेही तितक्याच आग्रहाने सांगेन.

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, पिछाडीच्या ट्रान्समला (मागच्या उभ्या भिंतीला) लागून बसते आणि गिअर व पंखा ट्रान्समच्या बाहेर राहतात. ड्राइव्ह डावी-उजवीकडे वळतो, त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही, आणि तो वर उचलता येतो. लेक सेंट क्लेअरची सरासरी खोली जेमतेम 11 फूट असल्यामुळे आणि माझी बोट दर वेळी ट्रेलरवरून पाण्यात उतरत असल्यामुळे ही सोय माझ्यासाठी निर्णायक ठरली. व्होल्वो पेंटाने 1959 साली न्यू यॉर्कच्या बोट प्रदर्शनात स्टर्नड्राइव्ह असलेले अ‍ॅक्वामॅटिक मांडले, तेव्हा इंजिन आणि ड्राइव्ह ही एकच वस्तू म्हणून लोकांपुढे आली. या दोन गोष्टी वेगवेगळ्या विकत घेण्याची वेळ मुख्यतः आमच्यासारख्या घरी बोट बांधणाऱ्यांवर येते, आणि चुकाही तिथेच होतात.

4.3 लिटरचे इंजिन म्हणजे शेवरलेच्या प्रसिद्ध स्मॉल ब्लॉक व्ही-8 मधले दोन सिलिंडर कमी केलेले रूप आहे. त्यामुळे त्याचे सुटे भाग सहज मिळतात आणि ते उघडून पाहिलेला मेकॅनिक जवळपास सापडतोच. कार्बुरेटरचे माझे इंजिन 190 अश्वशक्तीचे असून पूर्ण थ्रॉटलवर त्याने मिनिटाला 4,400 ते 4,800 फेरे घ्यावेत, अशी उत्पादकाची मर्यादा आहे. बोटीच्या इंजिनाबाबत माझ्या मते हा आकडा अश्वशक्तीपेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण ड्राइव्ह आणि पंखा बरोबर निवडले आहेत की नाही, हे त्यावरूनच कळते.

दुसऱ्या पिढीचा अल्फा वन मुख्यतः चार गुणोत्तरांत मिळतो. व्ही-8 इंजिनांसाठी 1.47 आणि 1.62, व्ही-6 साठी 1.81, आणि 3.0 लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनासाठी सुमारे 2.00. बाहेरून हे सगळे ड्राइव्ह सारखेच दिसतात आणि ट्रान्समवरच्या त्याच जोडसंचावर बसतात. मी ज्याच्याकडून जुना ड्राइव्ह घेतला, त्या विक्रेत्याने तो व्ही-6 च्या बोटीवरून काढल्याचे सांगितले होते. त्यावरचे लेबल रंगाखाली गेले होते, आणि मी त्या शब्दावर विसंबलो, ही चूक माझीच. पहिल्या दिवशी 19 इंच पिचचा पंखा (एका फेऱ्यात कागदोपत्री 19 इंच पुढे सरकणारा) लावून निघालो, तर पूर्ण थ्रॉटल देऊनही काटा 3,600 च्या पुढे सरकेना. चौघे जण बसले की बोटीचे पुढचे टोक वर उचललेलेच राही आणि बोट पाण्यावर सपाट धावायलाच तयार होईना.

मी आधी कार्बुरेटर तपासला, मग इग्निशनचे टायमिंग, मग इंधनाचा फिल्टर. तीन शनिवार-रविवार त्यातच गेले. शेवटी ड्राइव्ह काढून स्टँडवर घेतला, पुढच्या गिअरमध्ये टाकला, आत येणाऱ्या शाफ्टच्या क्रॉस जॉइंटवर आणि पंख्याच्या एका पात्यावर खडूची खूण केली आणि मुलीला मोजायला बसवले. पंख्याचे 10 फेरे पुरे होईपर्यंत वरचा शाफ्ट 18 वेळा फिरायला हवा होता. तो पंधरालाही थोडा कमीच पडला. म्हणजे तो 1.47 चा, व्ही-8 साठीचा ड्राइव्ह होता. या तपासणीला फार तर दहा मिनिटे लागतात आणि ती विक्रेत्याच्या अंगणातही करता येते.

याचा हिशोब सोपा आहे. पंख्याचे पिच गुणोत्तराने भागले, की इंजिनाच्या एका फेऱ्यात बोट किती इंच पुढे जायला पाहते ते कळते. 1.81 वर 19 इंची पंखा साडेदहा इंच मागतो, तर 1.47 वर तोच पंखा जवळजवळ 13 इंच मागतो. चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये रेटत राहावे, तशी इंजिनाची अवस्था होते. अशा ओढाताणीत इंजिन ठोके घेऊ लागते आणि काही काळाने पिस्टन व व्हॉल्व्ह दगावतात. पंखा 15 इंची लावला, तर कागदावर आकडा पुन्हा सव्वादहाच्या आसपास येतो, आणि मी तोही प्रयोग करून पाहिला. फेरे मिळाले, परंतु लहान पिचचा पंखा वेगाने फिरून पाणी घुसळत राहिला, आणि वजन घेऊन वळताना त्याची पकड सुटू लागली. अल्फाचे गुणोत्तर वरच्या भागातल्या गिअरजोडीवर ठरत असल्यामुळे अखेर मी 1.81 चा फक्त वरचा भाग दुसरीकडून मिळवला आणि खालचा भाग तोच ठेवला. आता 19 इंची पंख्यावर इंजिन 4,500 फेरे घेते, जीपीएसवर ताशी 39 मैलांचा वेग दिसतो आणि चौघे बसले तरी बोट सहा-सात सेकंदांत पाण्यावर सपाट येते.

घरी बोट बांधणाऱ्याने ट्रान्समचे मोजमाप सुरुवातीलाच ठरवावे. मर्क्रूझरला 51 ते 57 मिलिमीटर जाडीचा ट्रान्सम लागतो. मी 18 मिलिमीटर प्लायवूडचे तीन थर चिकटवून 54 मिलिमीटर केले. हा भाग सर्वत्र एकसारख्या जाडीचा आणि दोन्ही बाजूंनी समांतर हवा, कारण इंजिनाचा मागचा भार आणि ड्राइव्हचा सगळा रेटा तोच सोसतो. कापलेल्या भोकाची कड इपॉक्सीने नीट मुरवून बंद केली नाही, तर प्लायवूड तिथूनच कुजायला लागते.

इंजिन बसवण्यातला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे अलाइनमेंट बार. इंजिन आणि ड्राइव्ह एका सरळ रेषेत आहेत का, हे पाहण्यासाठी हा जाड पोलादी दांडा बाहेरून ट्रान्सममधल्या जिंबल बेअरिंगमधून आत सरकवून इंजिनाच्या कपलरमध्ये (ड्राइव्हचा शाफ्ट जिथे इंजिनाला जोडला जातो त्या भागात) घालायचा असतो. तो दोन बोटांनी सहज आत-बाहेर झाला पाहिजे. टोकाला ग्रीस लावून दांडा घातला आणि बाहेर काढून उजेडात धरला, की कपलरच्या दात्यांचे ठसे दिसतात. माझ्या पहिल्या खेपेला ते फक्त वरच्या अंगाला उमटले होते. पुढचे माउंट अर्धा-अर्धा फेरा फिरवत चार वेळा हीच कृती केली, तेव्हा ठसे सर्व बाजूंनी सारखे आले. तो दांडा हातात धरून मी बराच वेळ पाहत उभा होतो, इतके समाधान मला पूर्ण बोट रंगवूनही मिळाले नव्हते.

मोटारीचे स्वस्त इंजिन आणून हाच घाट घालावा, असे अनेकांना वाटते. पण ते धोक्याचे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती बोटीच्या तळाशी साठते. म्हणून स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर ठिणगी बाहेर न पडणारे, खास बोटीसाठी बनवलेले हवेत आणि कार्बुरेटरवर ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी, म्हणजे फ्लेम अरेस्टर हवाच. अमेरिकी तटरक्षक दलाचे नियमही हेच सांगतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे ब्लोअर (तळाची वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवण्याचा नियम मी कधीही मोडत नाही.

अल्फाच्या उणिवाही नोंदवायला हव्यात. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप ड्राइव्हच्या आतच असल्यामुळे त्याचा इम्पेलर (फिरणारे रबरी चक्र) बदलण्यासाठी खालचा भाग उतरवावा लागतो. ड्राइव्ह आणि ट्रान्सममधल्या सांध्यावरच्या रबरी बेलोजला (घड्यांच्या नळ्यांना) चीर पडली, तर क्रॉस जॉइंट आणि जिंबल बेअरिंगमध्ये पाणी शिरते, म्हणून ते दर वर्षी हाताने चाचपून पाहावे लागतात. गिअर टाकताना खटका बसतो, कारण आत डॉग क्लच, म्हणजे दाते एकमेकांत थेट अडकणारा क्लच आहे. तिथे हलक्या हाताने गिअर टाकण्यापेक्षा एका झटक्यात टाकणेच योग्य. आणि इथल्या थंडीत ब्लॉक व एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधले पाणी पूर्ण काढले नाही, तर एका रात्रीत ओतीव लोखंड तडकते. 300 अश्वशक्तीच्या पुढे जायचे असेल, तर अल्फा सोडून मर्क्रूझरच्याच थोरल्या ब्राव्हो ड्राइव्हकडे वळावे.

माझा रत्नागिरीचा मामेभाऊ हीच जोडी तिकडे चालेल का, असे विचारतो. बोट कायम खाऱ्या पाण्यात उभी राहणार असेल, तर माझे उत्तर नाही असेच आहे. अ‍ॅल्युमिनियमचा ड्राइव्ह खाऱ्या पाण्यात गंजतो, थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारे मॅनिफोल्ड काही वर्षांतच आतून खाल्ले जातात, आणि कोकणातल्या बोटींना बसवतात ते सरळ शाफ्टचे डिझेल इंजिन तिथे कितीतरी जास्त टिकते. दर वेळी ट्रेलरवर काढून गोड्या पाण्याने धुणार असेल, तर जरूर घ्यावी, पण गोड्या पाण्यासाठी माझ्या ड्राइव्हवर लावलेले, ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड काढून तिथे जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे बसवावेत.