बेरिया कॉलेज : पदवीबरोबर कामाची गुणपत्रिका

ख्रिस्ती महाविद्यालयातील शिक्षण नोकरीच्या जगासाठी विद्यार्थ्याला कितपत तयार करते, असे विचारले की बहुतेक संस्था आपल्या माहितीपुस्तिकेतील मूल्यांची यादी पुढे करतात. अमेरिकेतील केंटकी राज्यातले बेरिया कॉलेज मात्र या प्रश्नाला कामाच्या वेळापत्रकाने उत्तर देते, आणि त्या दृष्टीने ते मला अशा संस्थांमध्ये उजवे वाटते.

जॉन फी या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने १८५५ मध्ये ही संस्था स्थापन केली. देवाने पृथ्वीवरील सर्व लोक एकाच रक्ताचे निर्माण केले, हे बायबलमधील वचन तिचे ब्रीद आहे आणि त्याची किंमतही तिने मोजलेली आहे. येथे काळे आणि गोरे विद्यार्थी एकत्र शिकत असत, ते केंटकीने १९०४ मध्ये कायदा करून थांबवले. संस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९०८ मध्ये खटला हरली. १९५० मध्ये कायद्यात बदल झाल्यावर तिने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी पुन्हा दारे उघडली.

येथे शिकवणी शुल्क आकारले जात नाही. प्रवेश प्रामुख्याने आर्थिक गरज असलेल्या, विशेषतः ॲपलाचिया या डोंगराळ भागातील मुलामुलींना मिळतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास कॉलेजमध्ये काम करावे लागते. आपल्याकडच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेशी याचे नाते चटकन जाणवेल. फरक इतकाच, की येथे हे काम ऐच्छिक नसून सर्वांसाठी अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

या कामाचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. झाडू बनवण्याच्या विभागात विद्यार्थी विशिष्ट गवताचे तुरे निवडतो, दांड्याभोवती ते ताणून घट्ट बांधतो, चपटे करून शिवतो आणि कडा कापून सारख्या करतो. बांधणी सैल राहिली तर तो झाडू विकता येत नाही, आणि ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर समजते. कॉलेजच्याच बून टॅव्हर्न या हॉटेलात, ग्रंथालयात, संगणक विभागात, प्रयोगशाळांत अशीच कामे असतात. पहिल्या वर्षी काम नेमून दिले जाते. पुढे विद्यार्थी अर्ज करून विभाग बदलू शकतो आणि हळूहळू जबाबदारीच्या जागेवर पोहोचतो. पर्यवेक्षक त्याच्या कामाचे मूल्यमापन करतात आणि त्याची नोंद वेगळ्या गुणपत्रिकेत होते. वेळेवर येणे, वरिष्ठांचे म्हणणे ऐकून घेणे, आपल्या हाताखालच्यांना समजावून सांगणे हे सारे चार वर्षे कोणी तरी बारकाईने पाहिलेले असते. नव्या पदवीधराबद्दल नोकरी देणाऱ्याला नेमके हेच जाणून घ्यायचे असते, म्हणून ही दुसरी गुणपत्रिका मला या शिक्षणाची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

धर्माचा भाग तुलनेने सौम्य आहे. संस्था कोणत्याही एका पंथाची नाही. ख्रिस्ती धर्म समजून घेण्याचा विषय अभ्यासक्रमात आहे, परंतु श्रद्धेची सक्ती नाही. माझ्या मते येथील धर्माचा खरा परिणाम प्रार्थनेपेक्षा कामाच्या वाटपात दिसतो: फरशी पुसणारा आणि संशोधनात मदत करणारा एकाच नियमाखाली काम करतात. मिसुरीतील कॉलेज ऑफ द ओझार्क्स या दुसऱ्या ख्रिस्ती संस्थेत आठवड्याला पंधरा तास काम असते. अभ्यासाचा ताण पाहता बेरियाचे दहा तास मला अधिक समंजस वाटतात.

उणिवाही आहेत. ज्यांच्या विषयात प्रयोगशाळेचे तास जास्त, त्यांना हे दहा तास जड जाऊ शकतात, आणि पहिल्या वर्षीचे काम शिक्षणाच्या विषयाशी जुळेलच असे नाही. शुल्क नसले तरी निवास आणि भोजनाचा खर्च कुटुंबाच्या ऐपतीनुसार उरू शकतो. शिवाय हा नमुना इतरांना सहज उचलता येणार नाही, कारण त्यामागे संस्थेचा एक अब्ज डॉलरहून मोठा निधी उभा आहे.

तरीही फलित दुर्लक्षिण्यासारखे नाही. इतिहासकार कार्टर वुडसन, १९७७ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री झालेल्या वानिता क्रेप्स आणि २००२ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले जॉन फेन हे तिघेही बेरियाचे पदवीधर आहेत. इतर कोणत्याही ख्रिस्ती महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांनी तेथील प्रवेश कार्यालयाला एवढे अवश्य विचारावे, की विद्यार्थी चार वर्षांत कोणते काम करतो, त्याचे मूल्यमापन कोण करते आणि ते लेखी स्वरूपात हाती मिळते का.