ब्रिटन आणि अमेरिका: पौंड एकच, हिशेब वेगळे

वजनाचा पौंड दोन्हीकडे सारखाच, सुमारे ४५३.६ ग्रॅम. घोळ त्याच्या वरच्या मापांत आहे.

अमेरिकन माणूस आपलं वजन सरळ १६५ पौंड सांगतो. ब्रिटिश म्हणतो, ११ स्टोन ११. स्टोन १४ पौंडांचा. म्हणून ११ × १४ + ११. हेच ११.११ असं लिहून १४ ने गुणलंत, तर साडेनऊ पौंड गायब! हंड्रेडवेट अमेरिकेत नावाला जागून १०० पौंडांचं, ब्रिटनमध्ये मात्र ११२ चं. दोन्हीकडे वीस हंड्रेडवेटचा टन, त्यामुळे अमेरिकी टन ९०७ किलोचा आणि जुना ब्रिटिश टन १,०१६ चा. जुन्या ब्रिटिश कागदांवरचा माल मोजताना आधी टन कुठला ते बघा.

पैशात अमेरिका सोपी: १७९२ पासून डॉलरचे १०० सेंट. फक्त डाइम या दहा सेंटच्या नाण्यावर १० हा आकडा नसतो, आणि ते पाच सेंटच्या निकेलपेक्षा लहान असतं, त्यामुळे नवखा फसतोच. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगचे १२ पेन्स. जुन्या बिलावरचं २/६ म्हणजे अडीच शिलिंग, नव्या हिशेबात साडेबारा पेन्स. आपली आणे-पैची कटकट १९५७ सालीच सुटली होती.