बंद खाण: भराव करून झाडं, की पाण्याचं तळं?

खाणपट्ट्याची मुदत संपली, क्रशर हलला आणि सातबाऱ्यावर खड्डा उरला, अशा स्थितीतले बरेच जण नाशिकभोवती आहेत. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या चिनी मातीच्या खाणीत २००१ साली ईडन प्रोजेक्ट ही भव्य बाग उघडली, आपल्याकडे नागपूरजवळ सावनेरला वेकोलि या कोळसा कंपनीने इको पार्क केला. पण दोन-तीन एकरवाल्याने त्यांच्याकडे बघून स्वप्नं रंगवू नयेत. आपल्यापुढे पर्याय दोनच.

भरावाची बाजू कमकुवत नाही. जमीन सपाट होते, गुरं-पोरं पडण्याची धास्ती संपते. इगतपुरी-त्र्यंबककडे करंज, आपटा, खैर लावले तर पावसाळा त्यांना धरून देतो. तिकडच्या माणसाला मी भरावच सुचवेन, बहुतेक.

माझं मन उडालं ते भरायला येणाऱ्या मालामुळे. मुरूम आणायचा तर रॉयल्टी, वाहतूक परवाना, शिवाय भाडं. म्हणून स्वस्तातली माती सांगावी, तर गाडीत वर दोन बोटं माती आणि खाली फरशांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, थर्माकोल. हटकलं की ड्रायव्हर म्हणतो, "दादा, वरून माती ओढून देतो, दिसणार नाही." दिवसा गेटवर उभं राहिलं की गाड्या रात्री येतात. एकदा खड्डा भरतोय ही बातमी पसरली की अख्ख्या शहराचा राडारोडा तुमचा पत्ता विचारत येतो. असला भराव दर पावसाळ्यात खचतो, झाडं तिरकी होतात, आणि शेजारच्या विहिरीत काय झिरपतं याचा घोर वेगळाच.

मी पाणी धरलं. आमची खाण सिन्नरच्या बाजूला, पाऊस बेताचा. काळ्या पाषाणात पाणी टिकतं. सुरुंगांनी पडलेल्या भेगांतून आणि वरच्या मुरमातून थोडं जातंच. दिवाळीपर्यंत पातळी पुरुषभर उतरते, मग स्थिरावते. एप्रिलमध्ये द्राक्षांच्या खरड छाटणीला शेजारचे बागाईतदार टँकर शोधत असतात, तेव्हा आमची मोटर चालू असते. शेततळ्यासारखा तळाला प्लास्टिकचा कागद नाही, त्यामुळे तो फाटण्याची कटकटही नाही.

उभे कडे मात्र धोक्याचे, पोहायला पोरं येणारच. गाड्या उतरायचा जुना रस्ता मोडू नका. आत-बाहेर व्हायला तोच लागतो. बाकी कडेने तार आणि सागरगोट्याचं कुंपण. कटला-रोहू सोडता येतात, पण खोल पाण्यात जाळं ओढणं जिकिरीचं, त्या उत्पन्नावर हिशेब मांडू नका.

मंजूर खाणकाम आराखड्यात खाण बंद करण्याविषयी काय लिहिलंय ते आधी वाचा; बदल हवा असेल तर परवानगी घ्यावी लागेल. तोवर एक पावसाळा खड्डा तसाच राहू द्या आणि मार्चमध्ये आत डोकवा. कोरडा असेल, तर भरावाचा विचार करा, आणि गाड्यांच्या वेळा तुम्हीच ठरवा.