मापं माझी घेतली, जीन्स आली भलतीच

कर्वे रोडच्या परिसरातल्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी कपड्यांची प्रदर्शनं लागतात. त्यातल्या एका स्टॉलवर ‘तुमच्या बांध्यानुसार जीन्स शिवून मिळेल’ असा फलक होता. तिथे माझी आणि आमच्या शेजारच्या काकूंची जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहिते आहे. असे विक्रेते आज पुण्यात असतात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात. आणि त्यांचं हमखास गिऱ्हाईक म्हणजे जिला तयार जीन्स कधीच धड बसत नाही अशी बाई.

मी त्यातलीच. कंबर बारीक, सीट आणि मांड्या भरलेल्या. मांडीला बसणारी जीन्स घेतली की कमरेला मागे मूठ जाईल एवढी फट राहते, आणि कमरेची घेतली तर ती मांडीवरून वरच चढत नाही. एफसी रोडपासून कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटपर्यंत सगळीकडे हाच अनुभव. तयार मालात कंबर आणि सीट यांच्यातला फरक ठरावीक धरलेला असतो आणि स्वस्त जीन्सची कंबरपट्टी सरळ कापलेली असते. त्यामुळे खाली वळण असलेल्या अंगावर ती मागून सुटी राहते. यात आपल्या शरीराचा काही दोष नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. ट्रायल रूममधून कितीतरी मुली रडवेल्या होऊन बाहेर येतात.

स्टॉलवरच्या माणसाला हे सगळं माहीत होतं. तो म्हणाला, “ताई, तुम्हाला वळणदार कंबरपट्टी हवी, सरळ नको. मागची योकची पट्टी, म्हणजे कंबरपट्टीखालचा जोड, मध्यभागी खोल उतरलेली हवी, म्हणजे सीट उचललेली दिसते. खिसे मोठे आणि जवळजवळ. मांडीवर पांढऱ्या आडव्या रेघांचं फेडिंग अजिबात नको, त्यानं मांडी रुंद दिसते. आणि गुडघ्याखाली सरळ कट.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच विश्वास बसतो. खिसे लहान आणि लांब लांब असले की सीट पसरट दिसते, हे तुम्ही स्वतःही पडताळून पाहू शकता. माहिती खरी आणि माल खोटा, अशी ही पद्धत आहे.

नमुन्याची जीन्स उत्तम होती. जाड सुती डेनिम, शिवणी घट्ट आणि आतून स्वच्छ. मी ती घालून पाहिली तेव्हा मदतनीस मुलगी मागे उभी राहून “कंबर एवढी आत येईल” असं म्हणत कापड चिमटीत धरून होती. आरसा भिंतीला टेकवलेला, खालची कड पुढे ओढलेली. अशा तिरक्या आरशात पाय लांब दिसतात. मग कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम, उंची आणि राइज, म्हणजे कमरेपासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतचं अंतर, अशी सगळी मापं चिठ्ठीवर उतरवली. तिचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. एका जीन्सचे ३,२०० रुपये, दोन घेतल्या, पूर्ण रक्कम यूपीआयने आगाऊ. बिल पार्सलसोबत येईल असं सांगितलं. काकूंनीही एक शिवायला टाकली.

पार्सल आलं, त्यात बिल नव्हतं. कापड नमुन्यापेक्षा उघडच पातळ आणि रबरासारखं ताणणारं. डेनिममध्ये एखाद-दोन टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असलं तर जीन्स अंगाबरोबर वाकते आणि परत जागेवर येते. पातळ, स्वस्त कापड मात्र नुसतं ताणतं आणि तसंच राहतं. ऑफिसात दिवसभर बसून उठले तेव्हा गुडघ्यांवर दोन फुगे आले होते आणि कंबर खाली घसरत होती. पहिल्या धुण्यानंतर डाव्या पायाची बाजूची शिवण फिरून नडगीवर आली. डेनिमची वीण तिरकी असते, त्यामुळे कापडाला मुळातच पीळ घेण्याची ओढ असते. चांगल्या गिरणीत तो पीळ आधीच काढतात. तसं केलं नसेल किंवा कापड वाचवायला पाय तिरका कापला असेल, तर धुतल्यावर असं होतं.

मग जीन्स उलटी केली आणि प्रकार उलगडला. कंबरपट्टीच्या आत, मागच्या मध्यावर, कापड दुमडून जाड टीप मारलेली. तिचा धागा बाकीच्या शिवणीपेक्षा वेगळ्या रंगाचा. शेजारी जुनी टीप उसवल्याची सुईची भोकं स्पष्ट दिसत होती. लेबल कात्रीने कापलेलं, टोकं शिवणीत तशीच अडकलेली. म्हणजे कुठूनतरी आलेली तयार जीन्स कमरेत आवळून माझ्या नावाने पाठवली होती.

पक्का पुरावा काकूंच्या जीन्सने दिला. काकू माझ्यापेक्षा उंच, बांधा सरळ, कंबर आणि सीट यांत फारसा फरक नाही. आमची मापं सारखी येण्याचा प्रश्नच नव्हता. टेप घेऊन तिन्ही जीन्स पलंगावर पसरल्या. राइज तिन्हींचा एकच. मांडी एकच. खिशांमधलं अंतरही एकच. फरक फक्त कमरेच्या दुमडीत आणि बॉटमच्या कापात. काकू म्हणाल्या, “अगं, मग आपली मापं घेतली कशाला?”

फोनवर त्या माणसाची उत्तरं ठरलेली होती. “दोन-तीनदा धुवा, अंगाला बसेल.” “कस्टम माल आहे, परत घेत नाही.” ही दोन्ही वाक्यं ऐकली तर सरळ सांगा की २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. अशा फिरत्या विक्रेत्यांच्या बाबतीत याच कायद्यातली आणखी एक तरतूद फार कामाची आहे : तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली याच शहरात बिंदुमाधव जोशींनी सुरू केली. पुणेकरांनी तरी “जाऊ दे, तीन हजारच तर गेले” म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

शिवून देणारा खरा असेल तर तो कापडाचा तुकडा तुमच्याकडे ठेवायला देतो, कच्ची शिलाई करून एकदा घालून पाहायला बोलावतो आणि अर्धेच पैसे आगाऊ मागतो. आमच्या वेळी यातलं काहीच झालं नाही. तयार जीन्स घेणार असाल तर ती घालून दुकानात खुर्चीवर बसा, वाका, मग मागून कंबर बघा. दोन्ही पाय शिवणीवर शिवण ठेवून दुमडा; शिवणी जुळत नसतील तर ती जीन्स पुढे पिळणारच. मांडीच्या आतल्या भागावर ओला पांढरा रुमाल घासा. निळीचा रंग धाग्याच्या वरवरच असतो, म्हणून थोडा उतरणं साहजिक आहे, पण रुमाल गर्द निळा झाला तर घरातल्या सोफ्याचंही तेच होणार.

हेल्पलाइनवर नोंद झाल्यावर मला एका जीन्सचे पैसे परत आले. दुसऱ्या जीन्सचे आणि काकूंचे अजून आलेले नाहीत. आता जिल्हा आयोगाकडे जायचं ठरवलं आहे. यूपीआयची पावती, मापांच्या चिठ्ठीचा फोटो, फोनवरच्या बोलण्यानंतर त्याला पाठवलेले लेखी मेसेज आणि तिन्ही जीन्स आम्ही जपून ठेवल्या आहेत. तुम्हीही अशाच प्रदर्शनात जीन्स शिवायला टाकली असेल तर आलेला माल अल्टर करायला टाकू नका. आतली टीप उसवली की पुरावा गेला. आधी ती उलटी करून, कंबरपट्टीचे जवळून फोटो काढा.